पन्हाळ्याने हंपीकडून काय घ्यावं

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्या बारांत आपला पन्हाळा आहे. कोल्हापूरकरांना आनंद झाला, तो रास्तच होता. पण गडावर राहणाऱ्या माणसांना या दर्जाची चाहूल लागल्यापासूनच धास्ती वाटत होती, आणि दर्जा मिळाल्यावरही ती पुरती गेलेली नाही. राहतं घर राहील ना, पावसाळ्याआधी कौलं उतरवून पत्रा घालायचा तर किती ठिकाणी अर्ज करायचे, मुलगा म्हणतो तशा दोन खोल्या वाढवून पर्यटकांची सोय करता येईल का, हे तिथले प्रश्न आहेत. सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे ते. नगरपरिषद, शाळा, वाचनालय, देवळं, दर्गा, झुणका-भाकरीच्या टपऱ्या, सगळं गडावरच.

खाली शहरात मात्र या विषयावर बोलणं निघालं की कुणी ना कुणी हमखास म्हणतं, "गडावर वस्ती हवीच कशाला? हंपी बघून या. सगळे हलवले, तर आता किती देखणं दिसतंय." हे वाक्य मी इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला उत्तर देणं मला भाग वाटतं. कर्नाटकातली हंपी, म्हणजे विजयनगरची जुनी राजधानी, मीही बघितली आहे. ती नीट बघितली तर पन्हाळा रिकामा करण्याच्या बाजूने तिथे एकही पुरावा मिळत नाही आणि विरोधात पावलोपावली मिळतो, असं माझं ठाम मत आहे.

कोल्हापूरला हंपी परकी नाही. हरिप्रिया एक्स्प्रेसने होस्पेटला उतरता येतं. गाडीने बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ असा रस्ता एका दिवसात होतो. दिवाळीनंतर थंडी पडली की इथल्या शाळांच्या सहली, भिशीमंडळं, निवृत्तांचे गट तिकडे निघतात. आपल्याला ओढ वाटण्याचं आणखी एक कारण आहे. पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरच्या राजाने नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा वारकरी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. हंपीच्या विठ्ठल मंदिरात गाभारा रिकामा आहे, तरी त्याच्यापुढे मराठी माणसाचे हात आपसूक जोडले जातात. बाहेर पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ, आणि त्याच्यासमोर फोटोसाठी रांग.

मग वाटाड्या गोष्ट सांगतो. १३३६ साली हरिहर आणि बुक्क यांनी राज्य स्थापलं. कृष्णदेवरायाच्या काळात, म्हणजे १५०९ ते १५२९ या वीस वर्षांत, शहर वैभवाच्या शिखरावर पोचलं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, रामराय मारला गेला, सुलतानांच्या फौजांनी कित्येक महिने शहर लुटलं, जाळलं. संपलं. ऐकणारे हळहळतात आणि पुढच्या मंदिराकडे वळतात.

या गोष्टीतला एक दुवा नेहमी गळतो. लुटलेलं शहर संपतंच असं नाही. शिवाजी महाराजांनी सुरत १६६४ मध्ये लुटली आणि १६७० मध्ये पुन्हा लुटली. व्यापारी परत आले, पेढ्या उघडल्या, सुरत आजही नांदती आहे. विजयनगरात रामरायाचा भाऊ तिरुमल याने शहर पुन्हा वसवायचा प्रयत्न केला, पण ते साधलं नाही आणि राजधानी पेनुकोंड्याला हलली. दरबार गेला तसे त्याच्यावर जगणारे सराफ, विणकर, पाथरवट, माळी सगळे गेले. १५६७ मध्ये सेझारे फेडेरिची नावाचा व्हेनिसचा व्यापारी तिथे आला. त्याने लिहून ठेवलं आहे की शहर पुरतं उद्ध्वस्त झालेलं नाही, घरं उभी आहेत, पण ती रिकामी आहेत आणि त्यांत वाघ व रानटी जनावरं राहतात. लढाईला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे आगीतून आणि लुटीतूनही घरं वाचली होती. नंतर छपरावर चढून गळती बंद करणारा, पाऊस लागण्याआधी गटार उपसणारा, भिंतीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप वेळेवर उपटणारा कुणी उरला नाही. आज आपण जे अवशेष बघायला जातो ते या रितेपणाने घडवलेले आहेत.

उलटा पुरावाही तिथेच आहे. विरूपाक्षाच्या देवळात पूजा थांबली नाही, आणि ते देऊळ आज कळसासकट उभं आहे. तिथे लग्नं लागतात, हत्तीण सोंड उचलून आशीर्वाद देते, बायका ओवरीत बसून डबे सोडतात. त्याहून मोठी गोष्ट बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटते. कमलापूरच्या रस्त्याला केळीच्या बागा आणि भाताची खाचरं लागतात, त्यांना पाणी कुठून येतं हे कुणी विचारत नाही. ते तुंगभद्रेवरून काढलेल्या तुर्तु कालव्याचं पाणी आहे, आणि हा कालवा विजयनगरच्या राजांच्या काळातला आहे. कमळ महालातली राणी गेली, गजशाळेतले हत्ती गेले, महानवमीच्या चौथऱ्यावरचा लाकडी मंडप गेला. कालवा राहिला, कारण दरवर्षी शेतकरी त्यातला गाळ काढतात. मला विचाराल तर हंपीतलं सगळ्यात थोर स्मारक हेच आहे. त्याला तिकीट नाही आणि त्याच्यापुढे कुणी फोटोही काढत नाही. रस्त्याकडेला पाण्याच्या पाटाशेजारी दगडी ताटांची एक ओळ आहे, ती जाणाऱ्याने जरूर थांबून बघावी. एकेका शिळेत भाताची मोठी जागा आणि भोवती भाजी-आमटीच्या वाट्या कोरलेल्या. राजधानी म्हणजे अशी रोज जेवायला बसणारी माणसं.

आता त्या "देखणं दिसतंय"कडे येतो.

विरूपाक्षासमोर सरळ रेषेत जाणारी बाजारपेठ आहे, दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे मंडप. डोमिंगो पाएस हा पोर्तुगीज १५२० च्या सुमारास इथे आला होता. देवळापुढच्या देखण्या रस्त्याचं त्याने वर्णन केलं आहे. त्यात दुतर्फा सज्जे-ओवऱ्यांची घरं आहेत आणि त्यांत उतरणारे यात्रेकरू आहेत. म्हणजे तो रस्ता मुळात मुक्कामाचा आणि वर्दळीचा होता. विसाव्या शतकात तिथे पुन्हा माणसं आली, मंडपांच्या खांबांमध्ये भिंती घालून राहू लागली, खानावळी काढल्या, नारळ-उदबत्त्या विकू लागली. २९ जुलै २०११ रोजी बुलडोझर आले. तीनशेहून अधिक कुटुंबांची घरं-दुकानं पाडली गेली. पुनर्वसनाची जागा काही किलोमीटरवर, कड्डीरामपुऱ्यात. भूखंड मिळून प्रत्यक्ष घरं उभी राहायला वर्षं लागली.

मी त्या मंडपांमध्ये बराच वेळ हिंडलो आहे. एका खांबावर द्वारपालाच्या कमरेच्या उंचीपर्यंत निळ्या रंगाचा पट्टा अजून टिकून होता, घराची भिंत जिथवर रंगवली असेल तिथवर. वरच्या दगडी तुळईला लोखंडी कडी होती, पाळण्याची असावी. कोपऱ्यात चुलीच्या धुराने दगड काळा झालेला. बाहेर हातगाडीवर चहा विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी माझ्या मोडक्या सीमाभागातल्या कानडीत विचारलं, तर त्याने बोट करून आपला मंडप दाखवला. तिथे त्याचं हॉटेल होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की राजाच्या वेळीही इथे बाजारच होता, आता बाजार नाही, फक्त दगड आहेत. संध्याकाळी बस गेल्या की त्या पेठेत कुत्र्यांखेरीज कुणी नसतं, हेही त्यानेच सांगितलं.

त्या निळ्या पट्ट्याकडे बघून "विद्रूप केलं हो लोकांनी" म्हणणारेही माझ्यासोबत होते. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. पाचशे वर्षांच्या खांबाला तैलरंग फासू नये, मंडपावर सिमेंटचा दुसरा मजला चढवू नये, सांडपाणी देवळाच्या पायात सोडू नये. हंपी बाजारात हे सगळं होत होतं. ते थांबवायला हवंच होतं. नदीपलीकडे विरूपापूर गड्डीवर रिसॉर्टांचं पीक आलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर पाडलं गेलं आणि त्याबद्दल मला दुःख नाही. पण पैसेवाल्याचं रिसॉर्ट आणि देवळापुढे तीस-चाळीस वर्षं चहा विकणाऱ्याचं घर यांत फरक करता आला पाहिजे. तो फरक करण्याचं काम कष्टाचं असतं. घरोघरी जाऊन नोंदी कराव्या लागतात, ऐकून घ्यावं लागतं. बुलडोझर त्या मानाने सोपा.

आणखी एक गोष्ट हंपीचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९८६ मध्ये जागतिक वारसा झालेली हंपी १९९९ मध्ये युनेस्कोच्या धोक्यातील यादीत गेली. ते कुणाच्या टपरीमुळे झालं नव्हतं. तुंगभद्रेवर आनेगुंदीजवळ सरकारनेच बांधायला घेतलेला पूल त्याला मुख्यतः कारण होता. २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर आली, आणि तो अर्धवट पूल जानेवारी २००९ मध्ये कोसळून मजूर दगावले. वारशाला धोका कुठून येतो याचा हिशेब मांडताना ही नोंद वगळून चालणार नाही.

आपल्या घरातही हेच चित्र आहे. अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड बुजवून वर स्वच्छतागृह बांधलं गेलं होतं. ते हटवून कुंड पुन्हा मोकळं करायला आपल्याला चालू शतक उजाडावं लागलं. ही करणी महाद्वार रोडवरच्या फुलवाल्याची नव्हती. कारभाऱ्यांनी योजना म्हणून, सुधारणा म्हणून केलेली ती गोष्ट आहे. दुसरीकडे ब्रह्मपुरी बघा. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळापासूनची वस्ती उजेडात आली. तिथेच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमशी व्यापार करणारं दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव ज्या मातीत आहे, त्याच मातीवर आज कोल्हापूरकरांची घरं आहेत. ब्रह्मपुरी रिकामी करा असं शहरातलं कुणी म्हणत नाही, कारण तिथे आपली माणसं राहतात. पन्हाळ्यावरची माणसं तेवढी आपली नाहीत का?

गडांवरच्या वस्तीचा विषय आपल्या जिल्ह्यात किती तापू शकतो हे जुलै २०२४ मध्ये दिसलं. विशाळगडावरच्या अतिक्रमणांचं निमित्त झालं आणि गडाखालच्या गजापुरात घरं फोडली, जाळली गेली. ती माणसं गडावर राहतही नव्हती. वारसा जपण्याची भाषा इतक्या थोड्या वेळात कुणाच्या तरी संसारावर घसरते, म्हणून ती भाषा वापरताना जबाबदारीने वापरली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पन्हाळा हीदेखील एक जुनी राजधानी आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथून राज्य केलं. यादव सिंघणाने त्याचा पाडाव केला. पुढे बहामनी, आदिलशाही, शिवाजी महाराज. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. ताराराणींनी इथून कारभार केला आणि कोल्हापूरच्या गादीची राजधानी १७८२ पर्यंत पन्हाळाच होता, हे मात्र शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. कविवर्य मोरोपंत १७२९ मध्ये याच गडावर जन्मले. या सगळ्या काळात गडावर नुसते तट नव्हते. कारकून, भालदार, कोठारावरचे रखवालदार, त्यांची बायकामुलं होती. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं बघताना आपण त्यांच्या भिंतींच्या जाडीवर बोलतो. त्यात भरलेलं धान्य कोण खाणार होतं याचा विचारही तिथे उभं राहून करावा.

गडाची मोडतोड कुणी केली याचंही उत्तर इतिहासात आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. गावकऱ्यांनी त्याचे चिरे काढून नेले म्हणून तो गेलेला नाही. ताराराणींच्या वाड्यात शाळा भरत आली, म्हणून त्याचं छप्पर डोक्यावर राहिलं. अलीकडचं म्हणाल तर जुलै २०२१ च्या पावसात चार दरवाजाजवळचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरची माणसं अडकून पडली. डोंगर पाण्याने फुगतो आहे, त्यावर शनिवार-रविवारी शेकडो गाड्या चढतात. गडाला आज खरा धोका असेल तर तो इथे आहे. पाणी कुठून झिरपतं, कुठल्या बुरुजाचा दगड कधी सुटला, कुठली जुनी मोरी तुंबली, हे गडावर जन्म काढलेल्या माणसाला माहीत असतं. पुरातत्त्व खात्याची दोन-चार माणसं कितीही प्रामाणिक असली तरी त्यांना ते कळायला पावसाळे घालवावे लागतात.

२०१० पासून कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. मैदानातल्या एकट्या देवळासाठी हा नियम ठीक आहे. पन्हाळ्यात तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी अशी स्मारकं गावभर पसरली आहेत आणि शंभर-शंभर मीटरची वर्तुळं काढत गेलं तर वस्तीचा मोठा भाग त्यात येतो. नियम रद्द करा असं मी म्हणत नाही. बंदी असलेल्या भागातही दुरुस्तीला परवानगी मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती परवानगी ठरलेल्या मुदतीत, पन्हाळ्यातच अर्ज करून मिळाली पाहिजे. उशिरा मिळणाऱ्या परवानगीचा परिणाम उघड आहे. माणूस रात्रीतून स्लॅब टाकतो किंवा घर सोडून कोल्हापूरला भाड्याने राहायला येतो, आणि दोन्हींत गडाचं नुकसान आहे. जांभ्या-काळ्या दगडात, कौलांत, ठरवून दिलेल्या उंचीत घर दुरुस्त करणाऱ्याला सरकारने खर्चाचा वाटा द्यावा. सिमेंटपेक्षा ते महाग पडतं आणि तो जादा खर्च आपण सगळे ज्या वारशाचा अभिमान मिरवतो त्याच्यासाठी होणार आहे. ज्यांनी जुन्या वस्तीच्या नावाखाली मोठी हॉटेलं उठवली असतील त्यांच्यावर जरूर कारवाई व्हावी, पण आधी कोण केव्हापासून राहतो याची यादी गावासमोर वाचून पक्की करावी.

गाड्या पायथ्याला थांबवून वर बस किंवा बॅटरीच्या गाड्या चालवता येतील. हंपीत विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आसपासच्या मुली चालवतात. गणवेश घालून, वळणावर भोंगा वाजवत त्या पर्यटकांना नेतात-आणतात. हंपीतली ही एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी अशी आहे. पन्हाळ्याच्या मुलींना हे काम मिळालं तर आणि वाटाड्यांचे परवाने गडावरच्याच पोरांना दिले तर गड राखण्यात त्यांचा रोजचा स्वार्थ असेल.

जागतिक वारशाच्या दर्जाबरोबर व्यवस्थापन आराखडा येतो आणि पुढची कित्येक वर्षं गडावर काय करता येईल ते तोच ठरवतो. तोंडी दिलाशांनी पन्हाळकरांची धास्ती जाणार नाही. कुणालाही हलवणार नाही हे त्या आराखड्यात एका वाक्यात, मराठीत, लिहून यायला हवं. आराखड्याचं प्रत्येक पान नगरपरिषदेच्या फलकावर लागावं. हरकती घ्यायच्या तर धुक्या-पावसाचे महिने सोडून घ्याव्यात. आणि सुनावणी कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवू नये, गडावरच्या शाळेत ठेवावी, रविवार सोडून, कारण रविवारी गडावरचं प्रत्येक घर धंद्यात गुंतलेलं असतं.